ब्रॅडमनच्या आधी ज्याची हवा होती, तो आर्ची जॅक्सन फक्त ८ टेस्ट खेळू शकला

१६ फेब्रुवारी १९३३. ब्रिस्बेनमध्ये इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला ६ विकेट्सने हरवलं आणि अ‍ॅशेस परत मिळवली. ही सिरीज म्हणजे गाजलेली बॉडीलाइन. लेग साइडला फिल्डरांची गर्दी करायची आणि बॅट्समनच्या अंगावर वेगवान आखूड बॉल टाकायचे, हा इंग्लंडचा डाव होता. त्या डावाचं मुख्य हत्यार होता हॅरॉल्ड लारवूड.

पण त्या दिवशी ऑस्ट्रेलियात फक्त पराभवाचं दुःख नव्हतं. मॅच संपण्याच्या काही तास आधी, त्याच शहरात त्यांचा एक बॅट्समन टीबीने गेला होता. त्याचं वय होतं २३ आणि नाव आर्ची जॅक्सन.

आर्चीचा जन्म ५ सप्टेंबर १९०९ चा, स्कॉटलंडमधल्या रदरग्लेनचा. तो लहान असतानाच घरचे सिडनीला आले आणि बालमेन या कामगारवस्तीत राहिले. पोरगा क्रिकेटमध्ये इतका तयार निघाला की पंधराव्या वर्षीच बालमेन क्लबच्या मुख्य टीममधून खेळायला लागला आणि सतराव्या वर्षी न्यू साउथ वेल्सच्या टीममध्ये आला.

तेव्हा आजच्यासारखे करार नव्हते. ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंना पोटापाण्यासाठी नोकरी करावी लागायची. आर्ची काम करायचा ते दुकान होतं खेळाच्या सामानाचं आणि त्याचा मालक होता अ‍ॅलन किपॅक्स, म्हणजे ऑस्ट्रेलियाचाच बॅट्समन. आर्चीची नजाकत बघून जुन्या लोकांना व्हिक्टर ट्रम्पर आठवायचा. ट्रम्पर १९१५ मध्ये ३७ व्या वर्षी गेला होता आणि सिडनीकरांसाठी तो देवाच्या जागी होता.

ब्रॅडमनला संधी मिळाली ती अशी

डिसेंबर १९२७ मध्ये न्यू साउथ वेल्सची मॅच अ‍ॅडलेडला होती. आर्ची फिट नव्हता, म्हणून त्याच्या जागी एका नवख्या पोराला घेतलं. त्याने पहिल्याच मॅचमध्ये ११८ रन्स केले. त्या पोराचं नाव डॉन ब्रॅडमन.

ब्रॅडमन वयाने आर्चीपेक्षा एक वर्षाने मोठा होता. पण तेव्हा मोठं नाव होतं आर्चीचंच. ऑस्ट्रेलियाचं भविष्य कोण, असा प्रश्न निघाला की अनेकांच्या तोंडी आधी जॅक्सन यायचा.

फेब्रुवारी १९२९ मध्ये त्याने ते खरं करून दाखवलं. अ‍ॅडलेडमध्ये इंग्लंडविरुद्ध त्याची पहिली टेस्ट होती आणि तो ओपनिंगला आला. बघता बघता १९ रन्सवर ३ विकेट्स गेल्या, पण हा एकोणीस वर्षांचा पोरगा ढळला नाही. कॅप्टन जॅक रायडरसोबत त्याने डाव सावरला. पुढे ब्रॅडमन सोबतीला आला, तेव्हा आर्ची शतकाच्या उंबरठ्यावर होता. लारवूड नवीन बॉल घेऊन आला. ब्रॅडमनने त्याला जपून खेळायला सांगितलं, पण आर्चीने चौकार मारूनच शतक पूर्ण केलं.

तो १६४ वर आउट झाला. ऑस्ट्रेलिया ती टेस्ट अवघ्या १२ रन्सने हरली, पण टेस्टमध्ये शतक करणारा तोवरचा सगळ्यात तरुण खेळाडू आता आर्ची जॅक्सन होता.

शरीर साथ देईना

१९३० च्या इंग्लंड दौऱ्यात मात्र चित्र बदललं. ब्रॅडमनने त्या सिरीजमध्ये ९७४ रन्स केले. सतत तब्येत बिघडत असलेला आर्ची दोनच टेस्ट खेळला. लीड्सला तो १ रनवर आउट झाला आणि ब्रॅडमनने ३३४ केले.

शेवटची टेस्ट ओव्हलला होती. पावसाने खराब झालेल्या पिचवर लारवूडचे बॉल अचानक उसळत होते. आर्ची आणि ब्रॅडमनने चौथ्या विकेटसाठी २४३ रन्स जोडले. त्यात आर्चीचे रन्स फक्त ७३ होते, पण अंगावर बॉल झेलत तो उभा राहिला. उसळत्या बॉलवर ब्रॅडमन अस्वस्थ होतो, असं याच पार्टनरशिपमध्ये काही इंग्लिश खेळाडूंना वाटलं. पुढे बॉडीलाइनची योजना आखताना तो मुद्दा कामी आला.

नंतर १९३०-३१ मध्ये आर्ची वेस्ट इंडिजविरुद्ध खेळला आणि त्या सिरीजनंतर पुन्हा कधीच टेस्ट खेळला नाही. १९३१ च्या शेवटी क्वीन्सलँडविरुद्धच्या मॅचच्या आधी खोकल्यातून रक्त पडलं आणि तो कोसळला. टीबी होता.

तेव्हा टीबीवर औषधच नव्हतं. मोकळी हवा, सकस आहार आणि सक्तीची विश्रांती, एवढाच उपचार. त्याला ब्लू माउंटन्समधल्या सॅनिटोरियममध्ये ठेवलं, पण मन रमेना. पुढे तो उबदार हवेच्या ब्रिस्बेनला गेला. तिथे डॉक्टरांना न जुमानता क्लब क्रिकेट खेळला, पेपरात क्रिकेटवर लिहिलं. त्याला अजूनही टीममध्ये परत यायचं होतं.

फेब्रुवारी १९३३ मध्ये तो अंथरुणाला खिळला, तेव्हा बॉडीलाइनवरून दोन देशांत प्रचंड कटुता होती. ऑस्ट्रेलियात लारवूडचं नाव काढलं तरी लोक चिडायचे. आर्चीने मात्र अंथरुणावरून लारवूडला तार पाठवली आणि त्याच्या बॉलिंगचं अभिनंदन केलं.

अंत्यसंस्कार सिडनीत झाले. शवपेटीला खांदा देणाऱ्यांमध्ये ब्रॅडमन होता.

८ टेस्ट, ४७४ रन्स

आर्चीचं टेस्ट अ‍ॅव्हरेज ४७.४० राहिलं आणि शतक ते एकच. ब्रॅडमनच्या ९९.९४ शेजारी हे आकडे छोटे दिसतात. पण यातले बरेच रन्स त्याने शरीर साथ देत नसताना काढले, हे स्कोअरकार्ड सांगत नाही.

टीबीवरचं पहिलं परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडलं. आर्ची जाऊन तेव्हा १० वर्षं झाली होती.

त्याचा सगळ्यात तरुण शतकवीराचा विक्रम १९४८ मध्ये मोडला. मेलबर्नला लाला अमरनाथच्या भारतीय टीमविरुद्ध नील हार्वेने १५३ रन्स केले, तेव्हा हार्वेही एकोणीसच वर्षांचा होता. त्या टेस्टमध्ये ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन होता ३९ वर्षांचा डॉन ब्रॅडमन. आर्ची असता, तर तेव्हा ३८ वर्षांचा असता.