धडपडणाऱ्या मुलांचे गुरुजी

सातपुड्याच्या पायथ्याशी, पूर्वीच्या पूर्व खानदेशात आणि आताच्या जळगाव जिल्ह्यात फैजपूर हे गाव आहे. १९३६ सालच्या डिसेंबर महिन्यात या गावाला मोठा मान मिळाला. राष्ट्रीय सभेची त्यापूर्वीची अधिवेशने शहरांत भरली होती. पन्नासावे अधिवेशन मात्र खेड्यात भरवावे असे ठरले आणि त्यासाठी फैजपूरची निवड झाली. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आणि त्यांचे सहकारी अहोरात्र झटले. थोर चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या, गावच्या साहित्याने टिळकनगर सजविले. २७ व २८ डिसेंबर या दिवशी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन पार पडले. महात्मा गांधीही तेथे उपस्थित होते.

हजारो माणसे एका ठिकाणी राहावयाची म्हणजे तेथे स्वच्छतेचा प्रश्न उभा राहणारच. मैला वाहण्याचे काम समाजाने पिढ्यान्‌पिढ्या काही जातींवर लादले होते आणि ते करणाऱ्यांनाच अस्पृश्य मानले होते. फैजपुरास हे काम स्वयंसेवकांनी आपल्या हाती घेतले. मैला वाहणाऱ्या आणि गाव झाडणाऱ्या या सेवकांत साधी खादी ल्यालेले, अबोल वृत्तीचे एक गृहस्थ होते. ते एम. ए. झालेले होते, सहा वर्षे त्यांनी शाळेत अध्यापन केले होते, ‘श्यामची आई’ हे त्यांचे पुस्तक आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाले होते. हे गृहस्थ म्हणजे पांडुरंग सदाशिव साने. सारा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी या नावाने ओळखतो.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड या गावी झाला. एके काळी सुस्थितीत असलेले त्यांचे घर पुढे दारिद्र्यात सापडले. दापोली, औंध, पुणे अशा ठिकाणी परक्यांत राहून, प्रसंगी उपाशी राहून त्यांनी शिक्षण पुरे केले. आईने लहानपणी दिलेले प्रेमाचे संस्कार हीच त्यांची शिदोरी होती. १९१७ साली ती माउलीही निवर्तली. गरीब विद्यार्थ्याचे मन किती एकटे असते, हे गुरुजींना कोणत्याही ग्रंथातून शिकावे लागले नाही.

१९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. खानदेशातील गावोगावची मुले त्या छात्रालयात राहत. कोणी सधन घरचा, तर कोणी फीचीही भ्रांत असलेला. अशा मुलांना एकत्र बांधावयाचे कसे? गुरुजींनी नियमांचा धाक दाखविला नाही की छडीही उगारली नाही. मुले बाहेर गेली म्हणजे ते त्यांच्या खोल्या झाडीत, कंदिलांच्या काचा पुसून ठेवीत, अस्ताव्यस्त पडलेले कपडे नीट घडी करून ठेवीत. कोणी आजारी पडला तर रात्रभर त्याच्या उशाशी बसत. आपल्या पगारातून ते गरजू मुलांना मदत करीत. मुलांना हळूहळू लाज वाटू लागली आणि ती आपापली कामे आपण करू लागली. मग ज्याला येते त्याने न येणाऱ्याला शिकवावे, ज्याच्याजवळ आहे त्याने नसलेल्याला द्यावे, हा छात्रालयाचा अलिखित रिवाज होऊन गेला.

रात्री सर्व निजल्यावर गुरुजी कंदिलाच्या उजेडात ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक लिहीत. सकाळी मुले ते आवडीने वाचीत. देशोदेशींच्या थोर पुरुषांच्या गोष्टींबरोबरच छात्रालयात घडणाऱ्या लहानसहान प्रसंगांनाही त्यात जागा मिळे. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही सुरू केले. विद्यार्थी हा केवळ परीक्षार्थी नसून उद्याच्या समाजाचा कर्ता आहे, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती. अशा तरुणांना ते धडपडणारी मुले म्हणत. पुढे त्यांच्या एका कादंबरीचे नावही तेच झाले.

१९३० साली देशात सविनय कायदेभंगाची चळवळ पेटली. जे वर्गात शिकविले ते स्वतः आचरावे म्हणून गुरुजींनी नोकरीचा त्याग केला. धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक अशा तुरुंगांत त्यांनी कारावास भोगला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजी गीतेवर प्रवचने देत असत. ती तत्परतेने लिहून घेण्याचे काम गुरुजींनी केले. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहून काढली. सुटल्यावर ते पुन्हा खानदेशाच्या सेवेत रुजू झाले. फैजपूरच्या अधिवेशनासाठी ते खेडोपाडी हिंडले. १९३८ साली त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक काढले आणि शेतकरी व गिरणीकामगार यांची दुःखे वेशीवर टांगली.

मात्र एक शल्य त्यांच्या मनात सतत सलत होते. छात्रालयातील मुलांना त्यांनी एका कुटुंबाप्रमाणे नांदावयास शिकविले होते. परंतु छात्रालयाबाहेरच्या मोठ्या घरात कोट्यवधी भावंडांना दारातच थांबविले जात होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर आणि १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह करून या अन्यायाकडे सर्वांचे लक्ष वेधले होते. तरीही पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्यांना बंदच राहिले होते. ज्यांनी दार लावले त्यांनीच ते उघडले पाहिजे, अशी गुरुजींची धारणा होती. म्हणून स्वातंत्र्य उंबरठ्यावर आले असता त्यांनी महाराष्ट्राचा दौरा करून सवर्ण समाजाला आवाहन केले. या दौऱ्यात सेनापती बापट त्यांच्या सोबत होते. राष्ट्र सेवा दलाच्या तरुणांच्या कलापथकाने गाण्यांतून आणि संवादांतून हाच विचार घरोघर पोहोचविला. अनेक गावची मंदिरे आणि पाणवठे त्यामुळे खुले झाले.

१ मे १९४७ रोजी गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण आरंभिले. विरोध कडवा होता. खुद्द गांधीजींनीही प्रारंभी उपोषण सोडण्याची सूचना केली. ज्यांना गुरुजी देवासमान मानीत त्यांचीच सूचना बाजूस ठेवणे त्यांना किती जड गेले असेल! तथापि आपल्या अंतःकरणाची साक्ष त्यांनी प्रमाण मानली. शरीर क्षीण होत चालले, पण निश्चय ढळला नाही. अखेर दादासाहेब मावळंकरांची मध्यस्थी यशस्वी झाली आणि दहाव्या दिवशी, १० मे रोजी, उपोषण सुटले. विठ्ठलाच्या मंदिराचा मार्ग सर्वांना मोकळा झाला.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी गुरुजींनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. भारतातील निरनिराळ्या प्रांतांच्या तरुणांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात आणि परस्परांची मने जाणावीत, यासाठी त्यांनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. अमळनेरच्या त्या लहानशा छात्रालयाचेच ते विशाल रूप होते. २६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना अमलात आली आणि अस्पृश्यता कायद्याने नष्ट झाली. हा दिवस गुरुजींनी पाहिला. त्याच वर्षी ११ जून रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, त्यांची जीवनयात्रा संपली.

गुरुजींनी कधी पुढारीपणाची हाव धरली नाही. ज्या कामापासून इतर जन दूर पळत ते काम ते प्रथम उचलीत आणि मग मुले आपण होऊन त्यांच्यामागे येत. छात्रालयातील कंदिलाची काच, फैजपूरचा मैला आणि पंढरीचे दार या त्यांच्या लेखी तीन निराळ्या गोष्टी नव्हत्या. आपल्या सोबतचा एकही सोबती अंधारात, घाणीत किंवा दाराबाहेर राहू नये, एवढीच त्यांची तळमळ होती. कायद्याने दार उघडले तरी मने उघडण्याचे काम एका दिवसात होत नाही. ते काम गुरुजी धडपडणाऱ्या मुलांवर सोपवून गेले आहेत.