अ‍ॅलन ट्युरिंग : शिक्षा म्हणून दिलेले हार्मोन

बलात्काराची बातमी आली की आमच्या वाशिममध्येही दवाखान्यात बसलेली माणसे म्हणू लागतात की अशांना इंजेक्शन देऊन नपुंसक करून टाकावे. तुमच्याही मनात हे आले असेल. मग अ‍ॅलन ट्युरिंग यांची गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी.

ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये मांडलेली गणिती कल्पना आजच्या संगणकाचा पाया ठरली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे गुप्त संदेश उलगडण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

जानेवारी १९५२ मध्ये त्यांच्या घरी चोरी झाली. ते स्वतःच पोलिसांकडे गेले. तपासात त्यांचे एका पुरुषाशी संबंध असल्याचे समोर आले. संबंध दोघांच्या संमतीचे होते, तरी तेव्हाच्या ब्रिटिश कायद्याने तो गुन्हा होता. तुरुंग टाळण्यासाठी त्यांना वर्षभर हार्मोन उपचार घ्यावे लागले.

त्यांना स्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्री-हार्मोन दिले गेले. अशा औषधाने मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीकडून वृषणांना जाणारा संदेश कमी होतो, टेस्टोस्टेरॉन घटते आणि कामेच्छा मंदावते. ट्युरिंग यांना नपुंसकत्व आले, स्तन वाढू लागले. एप्रिल १९५३ मध्ये उपचार संपले. ७ जून १९५४ रोजी सायनाइडने त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ४१. चौकशीत आत्महत्या अशी नोंद झाली. तेव्हा उपचार थांबून वर्ष उलटले होते, त्यामुळे मृत्यूचे खापर थेट औषधावर फोडता येत नाही. २०१३ मध्ये ब्रिटनच्या राणीने त्यांना मरणोत्तर माफी दिली.

यातून तुम्ही काय लक्षात ठेवाल?

हार्मोन इच्छेचा जोर कमी करते. कोणाबद्दल आकर्षण वाटते, हे ते बदलत नाही. राग, सूड किंवा सत्ता गाजवण्याची वृत्तीही त्याने जात नाही, आणि बरेच बलात्कार त्यातूनच होतात. औषध थांबले की इच्छा बहुधा परत येते. दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, वजन व साखर वाढू शकते. स्वतःच्या घातक लैंगिक इच्छांना आवर घालू पाहणाऱ्या काही रुग्णांना, त्यांच्या संमतीने आणि समुपदेशनासोबत, अशी औषधे उपयोगी पडतात. भारतात २०१३ च्या न्या. वर्मा समितीने मात्र ही शिक्षा नाकारली.

प्रोस्टेटच्या कर्करोगातही टेस्टोस्टेरॉन कमी करणारी इंजेक्शने देतात. घरातल्या कुणाला ती सुरू असतील तर घाबरू नका. तो उपचार आहे, शिक्षा नव्हे. परस्पर बंद करू नका.

आणि मुलाला मुलगेच आवडतात म्हणून त्याला बदलण्याचे औषध मागायला डॉक्टरांकडे जाऊ नका. तो आजार नाही. २०१८ पासून भारतात प्रौढांमधील संमतीचे असे संबंध गुन्हाही नाहीत. मुलगा खचलेला वाटला, मरणाची भाषा करू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.