डॉ. जॉन विल्सन यांची पवित्र भूमीची यात्रा

आमच्या कोलाड-रोह्याच्या मुलखांत बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले. रोहेकर, पेणकर हीं त्यांचीं आडनांवें त्याची साक्ष देतात. ते तेलघाणे चालवीत व शनिवारीं ते बंद ठेवीत. म्हणून त्यांस शनवार तेली म्हणत. ज्यांनीं १८३२ सालीं मराठींत हिब्रू व्याकरण रचिलें, ते डॉ. जॉन विल्सन ह्या लोकांचे मोठे हितचिंतक होते.

त्यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजीं स्कॉटलंडांत लॉडर गांवीं झाला. १८२९ सालीं ते पत्नीसह मुंबईस आले व बाणकोट-हर्णै येथें मराठी शिकले. १८३५ सालीं पत्नी मार्गारेट निवर्तल्या. १८३९ सालीं धनजीभाई नवरोजी ह्या पारशी विद्यार्थ्यानें बाप्तिस्मा घेतला, तेव्हां प्रकरण न्यायालयांत गेलें व शाळेंतील पुष्कळ मुलें निघून गेलीं. तरी विल्सन डगमगले नाहींत.

१८४३ च्या जानेवारींत प्रकृति खालावल्यामुळें ते मायदेशीं निघाले. परंतु विश्रांतीऐवजीं त्यांनीं वाळवंटाची वाट धरिली. धर्मासाठीं आप्तांस अंतरलेले धनजीभाई बरोबर होते. मिसर, सीनाय व पेट्रा पाहून ते यरुशलेमास पोहोंचले. वाटेंत यहुदी व शोमरोनी लोकांची माहिती मिळविली. तीच १८४७ सालीं दोन खंडांत प्रसिद्ध झाली. धनजीभाई १८४६ सालीं दीक्षित पाळक झाले.

१ डिसेंबर १८७५ रोजीं विल्सन मुंबईस कैलासवासी नव्हे, प्रभुवासी झाले. त्यांचें नांव विल्सन कॉलेज आजहि धारण करितें. जें वाचावें तें स्वतः पारखावें, हा त्यांच्या यात्रेचा धडा विद्यार्थ्यांनीं गिरवावा.