प्रश्नच न सुचलेला वकील

बॅरिस्टर होऊन मोहनदास गांधी १८९१ साली लंडनहून परतले, तेव्हा त्यांचे वय होते २१. थोरल्या भावाने त्यांच्या शिक्षणावर बराच पैसा घातला होता. बायको-मुलगा राजकोटला. मुंबईत त्यांनी बिऱ्हाड केले गिरगावात. हायकोर्टात ते पायीच जात, पाऊण तास लागे. हाती काम नसल्याने दुसऱ्यांचे खटले ऐकत बसत आणि ऐकता ऐकता डुलकी लागे.

अखेर लघुवाद न्यायालयात ममीबाई नावाच्या बाईचा दावा मिळाला. फी ३० रुपये. वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायला गांधीजी उभे राहिले आणि डोके गरगरू लागले. एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले, फी परत केली आणि दलालाला पटेल नावाचे वकील लावायला सांगितले. पटेलांनी ५१ रुपये घेतले. त्यानंतर आफ्रिकेला जाईपर्यंत गांधीजींनी पुन्हा कोर्टाची पायरी चढली नाही.

हे अचानक घडले नव्हते. लंडनमध्ये शाकाहारी मंडळाच्या समितीवर असताना त्यांनी आपले मत कागदावर लिहून नेले होते, तेही दुसऱ्याने वाचून दाखवले. निरोपाच्या जेवणात पाठ केलेले भाषण एका वाक्यानंतर आठवेना.

याला निव्वळ अंतर्मुखता म्हणणे बरोबर नाही. कार्ल युंग यांनी १९२१च्या ग्रंथात रूढ केलेली ही संज्ञा स्वभावाची आहे: मोजक्या माणसांत, शांततेत बरे वाटणे आणि गर्दीत थकणे. लोक आपल्याला हसतील या धास्तीने वाचा बसणे ही वेगळी गोष्ट. ती तीव्र असेल आणि टिकून राहिली, तर मानसोपचारात तिच्यावर उपचार आहेत आणि ते उपयोगी पडतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरातून कायदा, नर्सिंग किंवा बी.एड.साठी सकाळची गच्च लोकल पकडणाऱ्यांना हा फरक माहीत असलेला बरा. स्वभाव बदलावा लागत नाही. भीतीवर मात्र इलाज करता येतो.

गांधीजींना वाटले, आपल्याला वकिली जमणार नाही. ७५ रुपये पगाराची, रोज तासभर इंग्रजी शिकवण्याची नोकरी त्यांनी मागितली. पदवीधर नसल्याने तीही मिळाली नाही. (शिकवण्यात तरी कमी माणसांसमोर उभे राहावे लागते असे थोडेच आहे!) मात्र त्याच काळात पोरबंदरच्या एका गरीब मुसलमान माणसाचा अर्ज त्यांनी लिहून दिला. जमीन जप्त झाल्याची तक्रार होती. मित्रांना मसुदा पसंत पडला. बोलता न येणाऱ्या या वकिलाला लिहिता उत्तम येत होते. मुंबईतला मुक्काम सहा महिन्यांत आटोपून ते राजकोटला गेले आणि अर्ज, मसुदे लिहून महिन्याला सरासरी ३०० रुपये मिळवू लागले.

१८९३ मध्ये दादा अब्दुल्ला यांच्या पेढीने त्यांना वर्षभरासाठी दक्षिण आफ्रिकेला बोलावले. सुमारे ४०,००० पौंडांचा दावा होता. सगळे प्रकरण हिशेबांवर उभे, आणि गांधीजींना जमाखर्च कळत नव्हता. पुस्तक विकत आणून ते शिकले, गुजराती कागदांची भाषांतरे केली, एकेक नोंद तपासली. त्याच वर्षी प्रिटोरियात हिंदी व्यापाऱ्यांसमोर त्यांनी पहिले भाषण केले, व्यापारातील सचोटीवर. आधी विषयाचा विचार करून ठेवला होता. या वेळी वाचा बसली नाही.

वाद नातेवाईकांतला होता. कोर्टात दोन्ही घरे धुळीला मिळतील म्हणून त्यांनी दोघांनाही लवादाला राजी केले. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला. तय्यब शेठना ३७,००० पौंड आणि खर्च द्यायचा होता. ही रक्कम एकदम भरायची तर दिवाळे निघाले असते. मग आपल्याच अशिलाची समजूत घालायचे काम उरले. ते लवादापेक्षाही अवघड गेले, पण रक्कम दीर्घ हप्त्यांनी घ्यायला दादा अब्दुल्ला तयार झाले. पुढे सुमारे वीस वर्षांच्या वकिलीत त्यांचा मोठा वेळ अशा तडजोडी घडवण्यातच गेला.

भारतात परतल्यावर त्यांच्याभोवती माणसांचा गराडा कायमचा पडला. तेव्हा दर सोमवारी ते मौन पाळू लागले. भेटायला आलेल्यांना त्या दिवशी उत्तर मिळे ते कागदाच्या चिठ्ठीवर.