आंधळ्याच्या खांद्यावरील पांगळा : आर्थर शोपेनहौअरचे जीवन आणि इच्छेची संकल्पना

मानवी वर्तनाचे मूळ बुद्धीत नसून बुद्धीपूर्व अशा आंधळ्या ओढीत आहे, हा विचार सामान्यतः सिग्मंड फ्रॉइडच्या नावाशी जोडला जातो. तथापि फ्रॉइडच्या जन्मापूर्वी (१८५६) अडतीस वर्षे आर्थर शोपेनहौअर या जर्मन तत्त्वज्ञाने तो एका संपूर्ण दर्शनाच्या रूपात मांडला होता. त्या दर्शनाचे सामर्थ्य जसे त्याच्या ग्रंथांत दिसते, तशी त्याची मर्यादा त्याच्या चरित्रात दिसते.

शोपेनहौअरचा जन्म २२ फेब्रुवारी १७८८ रोजी डान्त्सिग (आजचे पोलंडमधील ग्दान्स्क) येथे एका सधन व्यापारी घराण्यात झाला. १७९३ मध्ये ते शहर प्रशियाच्या ताब्यात जाताच कुटुंब हॅम्बुर्गला आले. मुलाने व्यापारच करावा, ही वडिलांची इच्छा होती. विद्यापीठीय शिक्षणाचा आग्रह सोडल्यास युरोपचा प्रवास घडेल, असा पर्याय त्यांनी पुढे ठेवला आणि पंधरा वर्षांच्या मुलाने प्रवास निवडला. या प्रवासात तूलाँ येथे साखळदंडांनी जखडलेले कैदी त्याने पाहिले. ते दृश्य त्याच्या मनातून कधीच गेले नाही. १८०५ मध्ये गोदामाच्या माळ्यावरून कालव्यात पडून वडिलांचा मृत्यू झाला. ती आत्महत्या असावी, असा समज होता. पुढे शोपेनहौअरने आत्महत्येची मीमांसा करताना ती इच्छेचा निरास नसून इच्छेचाच एक उद्गार आहे, असा निष्कर्ष काढला. या दोन गोष्टींत सरळ कार्यकारणसंबंध जोडणे धाडसाचे ठरेल. परंतु हा प्रश्न त्याच्यासाठी केवळ तात्त्विक नव्हता, हे उघड आहे.

आई योहाना वायमारला स्थायिक होऊन लेखिका म्हणून नावारूपास आली. तिच्या घरच्या बैठकींना गटे येत असे. शोपेनहौअरने व्यापार सोडला. ग्योटिंगेन येथे त्याने आधी वैद्यकाचे आणि मग तत्त्वज्ञानाचे अध्ययन केले व १८१३ मध्ये येना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढच्याच वर्षी आईशी त्याचे कायमचे बिनसले. याच सुमारास दारा शुकोहच्या फारसी अनुवादावरून आंकतील-द्युपेराँ याने केलेले उपनिषदांचे लॅटिन भाषांतर त्याच्या हाती आले. प्लेटो, कांट आणि उपनिषदे या त्रयीच्या आधारावर त्याने ड्रेस्डेन येथे आपला मुख्य ग्रंथ लिहिला. त्याच्या नावाचा मराठी अर्थ ‘इच्छा आणि प्रतिमान या रूपांतील जग’ असा करता येईल. तो १८१८ च्या अखेरीस बाहेर पडला. मुखपृष्ठावर मात्र १८१९ हे साल होते.

मराठीत या ‘इच्छे’ला पुष्कळदा ‘इच्छाशक्ती’ म्हटले जाते आणि तेथेच घोटाळा होतो. इच्छाशक्ती म्हणजे जाणिवेने केलेला निर्धार. शोपेनहौअरची इच्छा नेमकी याच्या उलट आहे. कांटने अज्ञेय ठरवलेली स्वयंवस्तू आपल्याला स्वतःच्या देहातून, आतल्या बाजूने जाणवते, आणि तीच इच्छा होय. ती एक, अखंड, हेतुशून्य व अतृप्त आहे. दगडाचे पडणे, रोपाचे वाढणे आणि माणसाची वासना ही तिचीच आविष्करणे होत.

१८२० मध्ये बर्लिन विद्यापीठात त्याने हेगेलच्या व्याख्यानांचीच वेळ स्वतःसाठी निवडली. श्रोते जेमतेम जमले. ग्रंथही खपला नाही. बहुतेक प्रती रद्दीत गेल्या. १८२१ मध्ये राहत्या घरातील एका शिवणकाम करणाऱ्या बाईला त्याने संतापाने ढकलून बाहेर काढले. न्यायालयाने त्याला तिच्या हयातीपर्यंत दरसाल साठ थालर देण्यास भाग पाडले. करुणा हा नीतीचा पाया मानणाऱ्या तत्त्वज्ञाला स्वतःचा क्रोध आवरता आला नाही.

१८३१ च्या कॉलऱ्याच्या साथीत त्याने बर्लिन सोडले आणि १८३३ पासून तो फ्रँकफुर्टला राहिला. आपल्या पूडल कुत्र्याला त्याने ‘आत्मा’ हे नाव दिले होते. १८४४ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने ग्रंथाला नवा खंड जोडला. प्रेमाच्या मुळाशी वंशसातत्याची ओढ असते आणि असह्य स्मृती मनाबाहेर ठेवण्याच्या धडपडीतून वेड उद्भवते, ही प्रतिपादने त्यात आहेत. इच्छा ही बलवान आंधळा व बुद्धी ही त्याच्या खांद्यावरील डोळस पांगळा, हे रूपकही त्यातलेच. सांख्यकारिकेतील पंगु-अंध न्यायाची येथे आठवण होते. परंतु सांख्यांचा पुरुष प्रकृतीहून स्वतंत्र आहे. शोपेनहौअरचा पांगळा मात्र आंधळ्यानेच आपल्या सोयीसाठी निर्माण केलेला आहे.

फ्रॉइडने १९१७ मध्ये शोपेनहौअरला पूर्वसुरींत मान दिला, १९२० मध्ये मृत्युप्रेरणेचा विचार मांडताना त्याचा निर्देश केला. मात्र त्याचे वाचन आपण फार उशिरा केले, असे १९२५ मध्ये नमूद केले. १९२३ मध्ये त्याने ‘इदम्’ला घोड्याची व ‘अहम्’ला स्वाराची उपमा दिली. रूपकांतील हे साम्य ठळक असले, तरी संकल्पना एक नव्हेत. शोपेनहौअरची इच्छा विश्वाचे तत्त्व आहे. फ्रॉइडची प्रेरणा देह आणि मन यांच्या सीमेवर असते, तिला उगम, जोर, लक्ष्य व विषय असतात. इच्छा एक आहे. प्रेरणा अनेक असून परस्परांशी झगडतात आणि व्यक्तीच्या बालपणाचा इतिहास वागवतात. म्हणून शोपेनहौअरला सुटका हवी ती इच्छेच्या निरासात. फ्रॉइडला ती नकोच, त्याला हवी प्रेरणेची ओळख आणि तिच्याशी तडजोड.

१८५१ च्या निबंधसंग्रहाने आणि १८५३ मधील एका इंग्रजी लेखाने शोपेनहौअरला उशिरा कीर्ती मिळाली. सर्व इच्छा व्यर्थ मानणाऱ्या या वृद्धाने स्वतःवरील प्रत्येक लिखाण उत्सुकतेने मिळवून वाचले. २१ सप्टेंबर १८६० रोजी तो निवर्तला. तत्त्वज्ञाने संत असलेच पाहिजे असे नाही, ही त्याची भूमिका होती. तिला केवळ पळवाट म्हणणे अन्यायाचे होईल. पांगळ्याला रस्ता दिसला म्हणून आंधळ्याची पावले वळत नाहीत, हे त्याच्याच सिद्धांतात अभिप्रेत होते. त्याच्या चरित्राने त्या सिद्धांतातील निदान खरे ठरवले, उपाय मात्र सिद्ध केला नाही. फ्रॉइडचे कार्य सुरू होते ते या उरलेल्या अंतरातूनच. साहित्यसमीक्षेत पात्रांच्या वर्तनाची उकल करताना ‘इच्छा’ आणि ‘प्रेरणा’ हे शब्द पर्यायी म्हणून वापरले, तर हे अंतरच पुसले जाते.