जेआरडी टाटा आणि कराची ते मुंबईचं सव्वासात तासांचं गणित

फोनवर दोन शहरांची नावं टाकली की विमानतळांमधलं अंतर आणि फ्लाइटचा वेळ लगेच दिसतो. पण १९३२ मध्ये हेच गणित जेआरडी टाटांना स्वतः उडून सोडवावं लागलं होतं.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. फ्रान्सच्या किनाऱ्यावर लहानपणी विमानं बघितली आणि वेड लागलं ते कायमचंच. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना पायलटचं लायसन्स मिळालं. भारतात दिलं गेलेलं ते पहिलंच!

त्या काळी लंडनहून विमानाने येणारं टपाल कराचीला उतरायचं. तिथून मुंबईला रेल्वेने. हा वेळ वाचवायचा होता. सरकारने अनुदान दिलं नाही, तरी टाटांनी धोका पत्करला. १५ ऑक्टोबर १९३२ ला सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडी कराचीहून एकटेच निघाले. एका इंजिनाचं पस मॉथ विमान, सोबत २५ किलो टपाल, आणि रेडिओ नाही.

आता गणित बघा

कराची ते मुंबई सरळ हवाई अंतर सुमारे ८८० किमी. पण इंधनासाठी अहमदाबादला उतरणं भाग होतं. म्हणजे साधारण ५९० अधिक ४४०, एकूण १०३० किमी. विमानाचा वेग ताशी १६० किमीच्या आसपास. भागाकार केला तर साडेसहा तास येतात. त्यात इंधन भरायचा वेळ मिळवा. जेआरडी दुपारी दोनच्या आत जुहूला उतरले, म्हणजे साधारण सव्वासात तासांत. गणित बरोबर जुळतं की नाही?

आजचं जेट हेच अंतर दीड तासाच्या आसपास कापेल. ताशी ८०० किमी वेग असूनही एवढा वेळ का? कारण धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं आणि खाली उतरणं, या सगळ्यात वेग कमी असतो. म्हणून छोट्या फ्लाइटला अंतराच्या मानाने जास्त वेळ लागतो.

त्या टपालसेवेचीच पुढे एअर इंडिया झाली. १९४८ मध्ये तिचं विमान मुंबईहून लंडनला पोचलं, तेही कैरो आणि जिनिव्हाला थांबत. १९५३ मध्ये कंपनी सरकारी झाली, तरी १९७८ पर्यंत अध्यक्ष जेआरडीच होते.

१९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी जुन्या पद्धतीच्या छोट्या विमानातून कराची ते मुंबई पुन्हा उड्डाण केलं. १९९२ मध्ये भारतरत्न मिळालं आणि २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हामध्ये त्यांचं निधन झालं.

आज या दोन शहरांमध्ये थेट विमान नाही. दुसऱ्या देशात विमान बदलून जायचं, तर कितीतरी तास जातात. अंतर तेवढंच, ८८० किमी. म्हणून तिकीट काढताना नुसते किलोमीटर बघू नका, मार्ग आणि थांबेही बघा.