कै. गंगाधरराव देशपांडे आणि बेळगावची राष्ट्रीय सभा

राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांचे इतिहास चाळले असता अध्यक्षांची नावे व ठरावांचे मसुदे ठळक अक्षरांत आढळतात. परंतु हजारो पाहुण्यांच्या निवाऱ्याची, भोजनाची, पाण्याची आणि शौचकूपांची चिंता ज्यांनी महिनोन्महिने वाहिली, त्यांचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकलेला असतो. आपल्या संघाच्या संमेलनांत पाटपाण्याची व्यवस्था पाहता पाहता आमचे केस पांढरे झाले, म्हणूनच की काय, आम्हांस त्या एका ओळीतील माणसांविषयी विशेष ओढा वाटतो. अशांपैकी एक थोर पुरुष म्हणजे कर्नाटकसिंह कै. गंगाधरराव देशपांडे होत.

त्यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील हुदली या गावी १८७१ साली एका वतनदार देशपांडे घराण्यात झाला. घरी जमीनजुमला होता व कशाची वाण नव्हती. शिक्षणानिमित्त ते पुण्यास गेले आणि तेथे लोकमान्यांच्या सहवासात जे रंगले ते कायमचेच. बेळगावात परतल्यावर सार्वजनिक गणेशोत्सव व स्वदेशीची चळवळ रुजविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावास प्रांतिक परिषद भरली व तेथेच लोकमान्यांनी होमरूल लीगची स्थापना केली. त्या परिषदेस गांधीजीही आले होते, पण त्या वेळी त्यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते.

१९२० साली लोकमान्य निवर्तले. त्यांच्या कित्येक निष्ठावंत अनुयायांस गांधीजींचा मार्ग रुचला नाही. गंगाधररावांनी मात्र पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना चरखा हाती घेतला. आयुष्यभर एका गुरूच्या शब्दावर चाललेल्या मनुष्याने त्या वयात दुसऱ्याची शिकवण पत्करणे किती कठीण असते, हे ज्यांनी तीस वर्षे एकाच पद्धतीने शिकविले त्या आमच्यासारख्या शिक्षकांस निराळे सांगावयास नको.

आता मुख्य विषयाकडे वळू. १९२४ च्या डिसेंबरात भरणाऱ्या राष्ट्रीय सभेच्या एकोणचाळिसाव्या अधिवेशनाचा मान बेळगावास मिळाला, अध्यक्षपदी महात्मा गांधींची निवड झाली आणि स्वागताध्यक्षपदाचा भार गंगाधररावांच्या शिरावर आला. कलकत्ता, मुंबई, मद्रास यांसारख्या शहरांस असा सोहळा पेलणे सोपे. तेथे सभागृहे असतात, धनिक असतात. बेळगाव पडले छावणीचे एक मध्यम शहर. गावाबाहेर टिळकवाडीच्या बाजूस सुमारे ऐंशी एकर मोकळी जागा निवडली गेली. तेथे शहर वसवावयाचे होते, आणि ते अधिवेशन संपताच मोडावयाचेही होते.

या शहरास विजयनगर हे नाव देण्यात आले व प्रवेशद्वार हंपीच्या विरूपाक्ष मंदिराच्या गोपुराच्या धर्तीवर उभारले गेले. नावाचा हेतू उघड होता. मुंबई इलाखा, मद्रास इलाखा, म्हैसूर व निजाम यांच्या राज्यांत विखुरलेल्या कन्नड जनतेस आपल्या गतवैभवाचे स्मरण व्हावे अशी ती योजना होती. त्याच मांडवांच्या आसऱ्याने कर्नाटक एकीकरण परिषदही भरली. बेळगावच्या घराघरांत मराठी व कन्नड या दोन्ही भाषा नांदत आल्या आहेत. खुद्द गंगाधररावांनी आपले आत्मचरित्र मराठीत लिहिले. पुढे याच नगरावरून जो वाद पेटला तो येथे उकरण्याचे आमच्या मनात नाही.

मुख्य मंडपासाठी सर्कशीचा तंबू भाड्याने आणला गेला. प्रतिनिधींच्या सोयीसाठी रेल्वेचे तात्पुरते स्थानक उभे राहिले. परंतु सर्वांत मोठी अडचण पाण्याची. त्या माळावर पाणी नव्हते आणि नगराच्या नळांवर हजारो माणसांचा भार टाकणे अशक्य होते. तेव्हा विहीरच खोदण्यात आली. तिला पंपासरोवर हे नाव दिले गेले आणि तिचा खर्च ४,३७० रुपये ३ आणे झाला. हे तीन आणे आम्ही मुद्दाम लिहिले आहेत. सार्वजनिक पैशाचा हिशेब आण्यापर्यंत ठेवणारे कार्यकर्ते तेथे होते. आमच्या अनुभवातील एका संमेलनाचा हिशेब दोन वर्षांनीही पुरा झाला नव्हता व तो मागणाऱ्या आम्हांसच संशयी ठरविण्यात आले होते! असो.

गांधीजींच्या निवासासाठी बांबूची एक देखणी पर्णकुटी बांधली होती व तीवर सुमारे साडेतीनशे रुपये खर्च झाले होते. ती पाहून गांधीजी प्रसन्न होण्याऐवजी त्यांनी तिला खादीचा महालच ठरविले. ज्याचा सन्मान करावयाचा तोच सन्मानाच्या खर्चावर बोट ठेवतो, तेव्हा यजमानाने काय करावे? पाहुण्यास थोडे अधिक द्यावे ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. देशपांडे वाड्यात वाढलेल्या गंगाधररावांच्या तर ती रक्तातच होती. आमच्या मते ही टीका त्यांस लागली असली पाहिजे. परंतु त्यांचा पुढील जीवनक्रम पाहता तिने त्यांचे मन दुखावले नाही, वळविले.

स्वयंसेवकांची बाजू हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी सांभाळली. नागपूरच्या झेंडा सत्याग्रहातील तुरुंगवासानंतर त्यांनी काकीनाडा येथे १९२३ मध्ये हिंदुस्थानी सेवादलाची स्थापना केली होती, आणि बेळगाव ही त्या दलाची पहिली मोठी कसोटी ठरली. स्त्री-स्वयंसेविकांचे पथक उमाबाई कुंदापूर यांच्या हाताखाली होते. परंतु आम्हांस सर्वांत अधिक कौतुक वाटते ते भंगीकामाचे. शौचकूपांची सफाई स्वयंसेवकांनी केली व त्यांत ब्राह्मण तरुणही होते. १९२४ साली, जेव्हा अनेक घरांत स्पर्शास्पर्शाचा विचार पाण्याच्या घागरीपर्यंत कडक होता, तेव्हा आईबापांच्या डोळ्यांदेखत मुलाने मैला उचलणे ही केवळ व्यवस्थेची बाब नव्हती. त्या तरुणांपैकी कित्येकांस घरी परतल्यावर बोलणी खावी लागली असतील. ज्ञातिसंस्थेच्या अंकात हे लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही. उलट, हे येथेच लिहिले पाहिजे असे वाटते.

प्रत्यक्ष अधिवेशन २६ व २७ डिसेंबर या दोनच दिवसांत आटोपले. स्वराज्य पक्षाशी झालेला समेट मान्य झाला व सभासदत्वासाठी सुताची अट स्वीकारण्यात आली. स्वागतगीत गाणाऱ्यांत अकरा वर्षांची एक मुलगी होती. तीच पुढे गंगूबाई हनगल या नावाने विख्यात झाली. सर्व खर्च वजा जाता स्वागत समितीपाशी ७७३ रुपये शिल्लक राहिले. गांधीजी काँग्रेसच्या अध्यक्षपदी बसले ते आयुष्यात एवढ्या एकदाच.

त्यानंतर गंगाधररावांनी खादीकार्यास वाहून घेतले व हुदली हे खादीचे केंद्र झाले. १९३० च्या सत्याग्रहात त्यांनी कारावास भोगला. १९३७ च्या एप्रिलमध्ये गांधी सेवा संघाचे संमेलन हुदलीसच भरले व गांधीजी तेथे येऊन राहिले. या वेळी गोपूर नव्हते. एका खेड्याने आपल्या ऐपतीप्रमाणे केलेले आतिथ्य होते, आणि यजमान तेच होते.

१९६० साली गंगाधररावांनी देह ठेवला. विजयनगरचे तंबू व कुट्या १९२४ सालीच उठल्या. त्या रस्त्यास लोक काँग्रेस रस्ता म्हणतात. पंपासरोवराची विहीर मात्र अद्याप तेथे आहे व २०२४ साली अधिवेशनास शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा पुष्कळ लोक ती पाहावयास गेले.